होडी वळत नाही

मंगळवारी रात्री खेळ बाजारात सोडला.
बुधवारी सकाळी, चहाचं दूध उतू जाण्याआधी,
पहिला शेरा आला :
"होडी वळत नाही. पैसे परत करा."

नव्याण्णव रुपये.
त्यामागे दोन वर्षं, एक सोडलेली नोकरी
आणि ऐरोलीच्या दिवागावात किराणा दुकानावरची ही खोली,
जिच्या खिडकीतून खाडी दिसत नाही,
नुसता तिचा वास येतो.
आई म्हणाली, काय म्हणतात लोक?
म्हटलं, चांगलं म्हणतात.
तिने माझ्याकडे नाही, दुधाकडे पाहिलं.

शनिवारपर्यंत एकेचाळीस.
एकाने लिहिलं, चिखल चिखलासारखा वाटत नाही.
एकाने लिहिलं, खेळ आहे की शिक्षा.
एकाने माझ्या आडनावावरून काही लिहिलं,
ते इथे लिहीत नाही.
रात्री अडीचला मी पहिल्याला उत्तर लिहायला बसले :
त्यात भरतीचं गणित होतं, माझ्या चष्म्याचा वाढलेला नंबर होता,
आणि "तुम्ही स्वतः कधी काही बनवलंय का?" हेही होतं.
पुसायला एकच बटण लागतं.
त्या बटणापर्यंत बोट न्यायला
पहाट झाली.

रविवारी आई ओट्यापाशी कोलंबी सोलत होती.
पाठीला चीर, नखाने काळा दोरा ओढायचा,
दोरा बाजूला, कोलंबी पातेल्यात.
मी वही घेऊन शेजारी बसले.
एकेक शेरा वाचायचा, दोरा ओढायचा,
उरेल तेवढंच उतरवायचं.
काहींत नुसताच दोरा निघाला.
बाकीच्यांनी मिळून अर्धं पान भरलं
आणि त्या अर्ध्या पानात
अकरा वेळा होडी.

मग सेक्टर आठमधल्या एका सोसायटीच्या पूजेला
प्रसादाच्या टेबलाशेजारी लॅपटॉप मांडला.
बी-विंगचा निहार आला, वय दहा असेल.
त्याने होडी तिवरांत घातली. परत घातली. सात वेळा घातली.
डावं बटण दाबून धर,
एवढंच सांगायचं होतं मला.
हात मांड्यांखाली दाबून बसले.
खेळाबरोबर मी काय घरोघरी जाणार आहे?
आठव्यांदा तो उठला
आणि शिऱ्याकडे गेला.

महादूकाका मात्र उठलाच नाही.
चाळीस वर्षं खाडीत काढलेला माणूस,
चष्मा कपाळावर, नाक पडद्याला लागलेलं.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"पानी उतरताना होरी अशी नाय वलत गो पोरी.
आधी शेपूट फिरतं, मंग नाक."

तो पहिला शेरेवाला कुठला कोण, माहीत नाही.
काकाने त्याचं नावही ऐकलेलं नाही.
दोघे एकच बोलत होते.
मी होडी पाहिली होती पुलावरून.
काकाने पाहिली होती बुडाखालून.

चार महिने. आधी शेपूट, मग नाक.
मग एकेकाला लिहिलं, आडनाववाला सोडून :
होडी वळते आता. बघता का?
चाळिसातल्या नऊ जणांनी उत्तर दिलं.
एकाने नुसतं "बरी" लिहिलं,
ते मी दिवसभर पुनःपुन्हा उघडून पाहिलं.
एकाने मेव्हण्याला दाखवला, मेव्हण्याने पुण्यातल्या कुणाला.
आणि एका संध्याकाळी दारात निहार,
मागे बी-विंगची तीन पोरं.
कुणी बोलावलं नव्हतं.
आईने दारातल्या चपला मोजल्या
आणि पोहे जास्त भिजवले.

काल पहिल्याचं उत्तर आलं :
"होडी ठीक आहे. पैसे राहू द्या.
पण तुमचे खेकडे सरळ का चालतात?"

तो खेकडे म्हणतो, आम्ही चिंबोऱ्या.
आमच्या घरात त्या रोज चालतात,
आणि मी
सरळ काढल्या.

खाली गेले. काकाची पाटी ओट्यावर होती.
ओलं फडकं उचललं
आणि बघत बसले.