किलोच्या आत

साडेचार हजारांची होती पहिली,
काचेमागे, दिव्याखाली. हात लावला नि ठेवून दिली.
मग सियागंजात, मुर्तझाभाईंच्या ताडपत्रीच्या दुकानात
खुंटीवर ही: राखाडी, चाळीस लिटर,
चौदाशे. "आपके लिए साढ़े बारा."

गुडघ्यांनी आधीच अट घातलेली, किलोच्या आत.
शेजारच्या किराण्यात काट्यावर टाकली.
नऊशे दहा ग्रॅम.

रिकामी सॅक काय सांगणार, म्हणाले भाई,
आणि सहा किलो तूरडाळ उसनी आणून भरली.
गल्लीत दोन फेऱ्या मारा.
पहिल्याच फेरीत खांदे बोलायला लागले.

पोत्यांवर बसलेला हमाल, भेरूलाल,
विडी कानामागे खोचून उठला.
कमरेचा पट्टा हाडावर खेचायला लावला,
वरचे बंद सैल सोडले.
"वजन कूल्हे पे बैठता है, बाईजी. कंधा तो बस पकड़ता है."
खरंच. डाळ खांद्यांवरून उतरली,
मांड्यांत जाऊन बसली.

कुठे नेणार हे?
जानापावला. डोंगरावर, एक रात्र.
तिथे कोणाला द्यायचं?
कोणालाच नाही. सकाळी परत आणायचं.

त्यानं मुर्तझाभाईंकडे पाहिलं,
भाईंनी पंख्याकडे.

घरी येऊन जादा बंद कापले,
टोकं मेणबत्तीवर डागली: बावीस ग्रॅम वाचले.
डाळ तर तिथेच परत केलेली,
तरी तळाच्या शिवणीत चार दाणे निघाले.
ते तसेच राहू दिले.
वजनात धरले नाहीत.