दालेम

आम्हा जावानीज माणसांकडे जेवण्याला शब्द तीन.
मांगान: चुलीपाशी, आपसात. मांजरही मांगानच करतं.
नेढा: परक्यासमोर आपलं जेवण सांगताना,
हातपाय धुऊन आलेला शब्द.
ढाहार फक्त त्यांचं.
भात तोच असतो.

आई, वागियेम, लावेयानच्या बाटिक-कारखान्यात
एकेचाळीस वर्षं कापडावर गरम मेण सोडत बसली.
मालकांचा विस्नु चार वर्षांचा, नाक वाहतंय,
आणि ती उकिडवी बसून विनवायची,
ढाहार करावं, देन, एकच घास.
तो तिला एकेरीत हाक मारायचा.
त्याचं काही चुकत नव्हतं. व्याकरण बरोबर होतं.

मला तिनं मारलं ते एकदाच.
लहान होते, झोपेतून उठून म्हटलं, मी 'सारे' केलं.
'सारे' ही त्यांची झोप. आमची नुसती तुरू.
मेणानं भाजलेली बोटं माझ्या ओठांवर आपटली,
मग तीच बोटं तिनं पाण्यात धरली, बराच वेळ.

मालकांच्या घराला म्हणतात दालेम.
अगदी वाकून 'मी' म्हणायचं, तर तेही दालेम.
मोठ्यांनी हाक मारली की 'ओ' नाही द्यायची. दालेम.
आई 'मी' म्हणायची तेव्हा
त्यांना त्यांचंच घर ऐकू येत असेल.

शाळेत मी इंडोनेशियन शिकले.
तिच्यात सगळे एकाच चटईवर,
निदान पुस्तकात.

गेल्या मंगळवारी आई गेली.
मरणालाही तीन आहेत. आमचं माती.
मधलं पेजाह. वरचं सेदा.
विस्नु आले, गाडी मशिदीपाशी ठेवून,
केस पिकलेले, चपला दाराबाहेर नीट जोडून.
मी चहाचा ग्लास पुढे केला आणि म्हटलं,
आई सेदा झाल्या.

फुलं निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले.
मावशीनं मागून चिमटा काढला, अजून वळ आहे.
त्यांनी ग्लासवरचं झाकण उचललं,
आत पाहिलं,
पुन्हा ठेवलं.

तेवढ्यावर मी दिवसभर ताठ चालले असते.
पण निघताना त्यांनी अंगणातून हाक मारली,
सुमिनी!
छत्री विसरली होती, एवढंच,
आणि माझं तोंड, मला न विचारता, म्हणालं
दालेम.