गोंडा

सातशे वीस ग्रॅम.
भाजीच्या काट्यावर एवढंसं कळत नाही,
म्हणून गुजरीतल्या एका सराफाचा जुना तराजू
मी मागून आणलाय.
आजवर त्यात सशाची पिल्लं तोलली, दोन गिनीपिग,
शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांचा म्हातारा हॅमस्टर.
आणि आज रात्री साडेअकराला
जवाहरनगरातनं टॉवेलात गुंडाळून आलेला हा फेरेट.

"मुंगूस हाय का ओ ते?"
बाकावरनं आण्णाप्पा विचारतात.
त्यांच्या म्हशीच्या सडाला टाके घालून तास झाला,
टेम्पोवाला अजून आलेला नाही.

प्रणोती सातपुते सांगते :
दोन दिवस खाल्लं नाही,
नुसतं दात खातोय,
पंजानं तोंड पुसतोय सारखा.
तिचा बाप गप्प. अंगठ्याला चामड्याचा रंग.

एक्स-रेत आतड्याच्या वळणावर
ढगासारखं काहीतरी.

वडील माझे ढोरांचे डॉक्टर.
खांद्यापर्यंत हात घालून आडवं रेडकू वळवायचे.
मला म्हणायचे,
तुझे हात बारीक, पोरी, तुला हे जमायचं नाही.

वीस एमएलची सिरिंज कापून केलेला मास्क,
गरम पाणी भरलेले दोन ग्लोव्हज कुशीला,
कारण एवढा जीव उघडला की
ऊब आधी जाते, मग बाकीचं.
पारिसा मगदूम छातीला नळी लावून बसलाय.
आकडा सांगत नाही तो,
म्हणतो, "पळतंय."
"पळतंय."
मग एकदा काहीच म्हणत नाही.
मी हात वर धरून थांबते.
बाहेर म्हैस शेपूट झाडते, तेवढं ऐकू येतं.
"पळतंय, मॅडम."

सुतळीएवढं आतडं.
गव्हाच्या दाण्याएवढी चीर,
आणि चिमट्याला लागून हळूहळू बाहेर येतो
लाल, ओला,
पायताणावरचा गोंडा.

दाराच्या काचेतनं प्रणोतीचा बाप बघतोय.
स्वतःच्या हातचा माल ओळखायला
त्याला दिवा लागत नाही.

पाच टाके, केसाहून बारीक धाग्याचे.
नंतर बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला,
"जवळजवळ घातलासा. निघायचे न्हाईत."
माझ्या पदवीवर सही करणाऱ्यांनीही
असं काही लिहिलं नव्हतं.

आता वाट बघायची.
कशाची, ते प्रणोतीला सांगितल्यावर ती हसली,
पहिल्यांदाच.
शी केली पाहिजे त्यानं.
तीन वाजता नाही. चारला नाही.
दर थोड्या वेळानं हिरड्यांना साखरपाणी.
पाच वाजून दहा मिनिटांनी
टॉवेलावर मोहरीएवढा काळा ठिपका,
आणि चार माणसं त्यावर वाकलेली.

आण्णाप्पांचा टेम्पो आला तेव्हा
गंगावेशीच्या कट्ट्याकडं म्हशी निघालेल्या.
टाक्यांचं सड सोडून
त्यांनी दुसऱ्या सडाची धार काढली,
फेसाळता पेला माझ्यापुढं धरला.
"त्येला द्या. ताकद येईल."
"त्याला दूध चालत नाही, आण्णा."
ते पेल्याकडं बघत राहिले,
मग माझ्याकडं.
"मग तुम्ही प्या की.
हात कापायल्यात तुमचं."