अनामत

दोन पत्रं फ्रिजवर, एकाच लोहचुंबकाखाली.
एक मिसूरीतल्या गावचं: कॉलेज जुनं, विटा जुन्या,
चहूकडे सोयाबीन, विमानतळ दोन तासांवर.
दुसरं अ‍ॅरिझोनाचं: इमारत इतकी नवी
की फोटोतल्या झाडांना अजून काठ्यांचा आधार.
दोन्हीकडे डीओ. दोन्हीकडे कर्ज तेवढंच,
म्हणजे आमच्या टोलीडोच्या घराच्या दीडपट.
शुक्रवारी अनामत भरायची. परत न मिळणारी.

जुई एक्सेलमध्ये रंग भरते.
हिरवा: हवं ते मिळालं. पिवळा: काहीतरी मिळालं.
"अठ्ठ्याण्णव टक्के, आई," ती म्हणते, नव्या कॉलेजबद्दल.
मी विचारते, उरलेले दोन कोण?
ते लिहिलेलं नसतं.
तिला भूल द्यायचं शास्त्र हवंय.
हवंय असं आज वाटतंय; गेल्या वर्षी मेंदू होता.

पुण्याहून दीर: "डीओ म्हणजे ते, हाडं कडकड वाजवणारे?"
हो भावजी, आणि औषधंही देतात, पोटही फाडतात,
आणि तुमच्यासारख्यांचं ऐकूनही घेतात.
मग मॅच समजावून सांगितली:
चौथ्या वर्षी मुलं याद्या लावतात, हॉस्पिटलं याद्या लावतात,
यंत्र गाठी मारतं, मार्चमधल्या एका शुक्रवारी लिफाफा.
"म्हणजे पत्रिकाच की!" ते खूश.
पत्रिका परवडली.
तिथे छत्तीस गुण जुळल्यावरही नाही म्हणता येतं.

मी पहाटे चारला रक्त काढायला जाते, सातव्या मजल्यावर.
त्या मंद दिव्यात शीर डोळ्याला दिसत नाही, बोटाला दिसते.
महिनाभर मी लिफ्टमध्ये बिल्ले वाचते आहे.
एमडी, एमडी, डीओ, एमडी, डीओ.
कुठलं कॉलेज, विचारते,
जसं आमच्याकडे "तुम्ही कुठले?" विचारतात
आणि म्हणायचं असतं, "तुम्ही कुणाचे?"

डॉ. हालवॉर्सन, सर्जरीचं तिसरं वर्ष, नेब्रास्काची,
बगळ्यासारखी एका पायावर झोपणारी,
पेशंटसाठीची बिस्किटं खात म्हणाली:
"टक्के मरू देत. एवढंच विचारा,
तिसऱ्या वर्षी मुलांना ज्या हॉस्पिटलात पाठवता
तिथे रेसिडेंट असतात का?
मी होते तिथे नव्हते. एक भला डॉक्टर, आणि मी.
बाळंतपणं चिकार केली.
पण रात्री अडीचला रेसिडेंट कसा चुकतो,
चुकल्यावर कसा उभा राहतो,
ते पहिल्यांदा बघितलं इथे आल्यावर. स्वतःतच."
दार उघडलं. ती गेली. जमिनीवर बिस्किटाचा चुरा.

माझे वडील मिरजेला प्लास्टर रूममध्ये होते.
शिक्षण सातवी. मोठे डॉक्टर फिल्म उजेडाला धरायचे,
बराच वेळ धरायचे,
आणि म्हणायचे, "बिरनाळे, जरा हात लावून बघा."
हे जुईला सांगायला ओठांवर आलं होतं.
मग वाटलं, नको.
हात होते म्हणून
त्या खोलीत त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती.

आज गुरुवार. जुई फोन लावते, मिसूरीला आधी.
विचारते तेच, अगदी त्याच शब्दांत.
पलीकडची बाई गप्प होते,
मग म्हणते, थांबा हं, बघून सांगते,
आणि सनईसारखं काहीतरी वाजायला लागतं, सनई नव्हे.
फोन टेबलावर, स्पीकरवर.
जुई माझ्या खुर्चीमागे,
माझ्या धरलेल्या मानेवर तिचा अंगठा,
लक्ष सगळं फोनकडे.
"इथे?"
थोडं खाली.
"इथे?"
अजून ते वाजतंय.