बावन्नच्या वेगाला

तीन वेळा नेली मी ती ब्युइक हायवेवर,
तीन वेळा परत आणली तशीच.
पासष्टला लावली, सुई खिळा ठोकल्यासारखी.
गव्हाचं कोठार, रेल्वेचं फाटक, पुन्हा गव्हाचं कोठार,
आणि इंजिन आपलं गुमान, पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरासारखं.
"बाई, काही नाही हिला," मी म्हणालो.
हाल्डिस ब्राटलंड हातमोजे काढत म्हणाली,
"आहे. लय सोडते ती.
पाय मी हलवत नाही, तरी कुणी मागून हळूच रेटतं,
मग विसरतं, मग त्याला पुन्हा आठवतं."

चाळीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवलेली बाई.
तिला लयीबद्दल मी काय सांगणार.

चौथ्या दिवशी मीच तिच्या शेजारी बसलो,
मांडीवर वही, दातांत पेन्सिल.
रग्बी मागे पडलं. तिने पाय ठेवला आणि विसरली.
बावन्न.
मागून ट्रक आले, चिडले, पुढे गेले.
बावन्न.
दर गुरुवारी मायनॉटला, वृद्धांच्या घरात
पियानो वाजवायला जाते. अकरा वर्षं. याच वेगाने,
बर्फ असो नसो.
आणि मग आलं ते.
पाठ सीटला टेकली, सुटली. टेकली, सुटली.
डॅशबोर्डवरची चष्म्याची डबी
एक बोट मागे, एक बोट पुढे.
"हे," ती म्हणाली. नजर रस्त्यावरच.

"डावा पाय ब्रेकला नुसता लावा.
थांबायचं नाही, फक्त ब्रेकला कळू द्या."
कन्व्हर्टरचा क्लच सुटला, इंजिन दोनशे फेरे वर चढलं.
हेलकावा मऊ झाला, पण गेला नाही.
मी वहीत गिअरबॉक्सवर काट मारली
आणि खरं सांगतो, जरा हिरमुसलो.
गिअरबॉक्स म्हणजे आठवड्याचं काम होतं, तेही जानेवारीत.

गॅरेजमध्ये व्हॅक्यूमच्या नळ्या एकेक वाकवून पाहिल्या,
धूर सोडला, कुठूनच निघाला नाही.
पेट्रोलचा दाब ठीक. प्लग ठीक.
डिजिटल मीटरचे आकडे सरळ चढत गेले, काही बोलले नाहीत.
तेव्हा बापाचा काटेवाला मीटर काढला,
काच तडकलेली, वायरींना चिकटपट्टी.
थ्रॉटलच्या सेन्सरला लावला,
चावी फिरवली, इंजिन बंदच ठेवलं,
आणि थ्रॉटल उघडत गेलो,
झोपलेल्या माणसाच्या हातून पुस्तक काढावं तसा.
अर्धा व्होल्ट. पाऊण. काटा चढतोय.
एका जागी थरथरला,
पडला, उठला,
आणि पुढे पुन्हा गुळगुळीत.
मागे घेतलं. पुन्हा तिथेच.

तिला बोलावून दाखवलं.
आत कार्बनची एक वाट असते, नखाएवढी,
तिच्यावरून एक पातं सरकतं, तुमच्या पायासोबत.
बाकी वाट कोरी. झिजली ती एवढीच जागा,
जिथे तुमचा पाय मुक्कामाला असतो.
तिथे आलं की गाडीला तुमचा पाय दिसेनासा होतो,
क्षणभर. मग दिसतो.
मी पासष्टने गेलो ना,
तो खड्डा ओलांडूनच गेलो तिन्ही वेळा.

ती वाकून बघत राहिली.
"ऑर्गनच्या पायपट्ट्यांतल्या दोन अशाच झाल्यात," म्हणाली,
"मधोमध, बशीसारख्या.
नवा वादक आलाय तो म्हणतो, बदला.
मी म्हटलं, अंधारात पाय आपोआप तिथे जातो, राहू दे."
"हा राहू देता येणार नाही."
"नको. हा बदल."

बिलावर लिहिलं: सेन्सर एक, मजुरी पाऊण तास.
तीन दिवस चुकीच्या वेगाने हिंडलो, ते लिहिलं नाही.
"मधूनमधून पंचावन्नने जात जा," मी सांगितलं.
तिने मान हलवली, काच वर घेतली.

गुरुवारी दुकानासमोरून गेली.
मागे तीन ट्रक.