मधोमध, की टोकाशी

पहिला धडा शिंकांचा.
म्वेंजेचं लाकूड कानशीखाली आलं
आणि सातवीचा अख्खा वर्ग शिंकू लागला,
बत्तीस नाकं, दोनसुद्धा एका तालात नाहीत.
दारात बसलेले मेश्त्रे वेनान्सिओ हसले:
"ओळख झाली. आता ते तुम्हाला विसरणार नाही."

मी खडू धरून उभी.
मागे फळ्यावर माझ्या पाच रेघा
आणि त्यांवर बसवलेले गोळे,
मापूतोच्या प्रशिक्षणात मला शिकवले तसेच.
सहा वर्षं तेच काढते, तेच पुसते.
पोरं वहीत उतरवून घेतात, सुबक,
आणि कुणालाच काही ऐकू येत नाही.

मेश्त्रेंना लिहिता येत नाही.
मानधनाच्या नोंदवहीत त्यांचा अंगठा आहे,
कडेला मेणाचा पिवळा डाग.
त्यांचं शास्त्र दोन वाक्यांचं:
पट्टीचं पोट मधोमध तासलं की सूर उतरतो,
टोकाशी तासलं की चढतो.
पुढचं सगळं लाकडालाच विचारायचं.

मग न्सालाची फळं आली, कवठासारखी टणक.
फोडायची नाहीत. भोक पाडून गर काढायचा.
गर पोरांनी खाल्ला,
बिया कोण लांब थुंकतो याची शर्यत लागली,
'वर्गातील शिस्त' या रकान्यात
त्या दिवशी मी काही लिहिलं नाही.
रिकामा तुंबा ओठांशी धरून फुंकायचा,
आपल्या पट्टीचं नाव तो घेईपर्यंत
तोंड रुंदावत न्यायचं. घाई केली
तर तो दुसऱ्याच कुणाचं नाव घेतो.
खाली आतड्याचा पातळ पडदा, रानमधमाश्यांचं मेण,
मग कुठे ती झणझण,
जी मला आधी बिघाड वाटली होती.

वाचताना अडखळणारी एर्मेलिंदा,
दोन वर्षं मागच्या बाकावर,
एकेक पट्टी ठोकून सांगू लागली:
"ही दमलीय. ही अजून उठलीच नाही.
आणि हिला, बाई, शेजारीण आवडत नाही."
मी फोन काढला. त्यातला काटा
प्रत्येक सुरावर लाल झाला.
मेश्त्रेंना दाखवला. त्यांनी तो
उलटा-सुलटा करून बघितला, परत दिला.
"त्याला विचार, तो कुठल्या गावचा?"

झेफेरिनोनं मात्र जास्त तासलं.
एकच हात, तोही हलका,
आणि पट्टी आपल्या जागेवरून खाली घसरली,
खालच्या सुरापर्यंत पोचलीही नाही.
मेश्त्रेंनी एकदा ठोकली. परत ठोकली.
मी वाट पाहत होते, आता ते काहीतरी
गोड बोलतील, म्हाताऱ्यांसारखं.
ते म्हणाले, "लाकूड परत येत नाही,"
आणि पुढच्या मुलाकडे वळले.
झेफेरिनो रडला नाही. रात्रभर म्हणे
ती पट्टी उशाशी घेऊन ठोकत होता,
आई ओरडेपर्यंत.

शाळा सुटल्यावर मीही एक घेतली.
खिडकीबाहेर खाजणाचं पाणी पांढरं होत गेलं.
तासलं, ठोकलं, ऐकलं.
अजून जरासं.
कुठला 'जरासं' एक जास्तीचा होता
हे बोटाला आधी कळलं, मग कानाला,
आणि मी, पदविकाधारक, हजेरीपुस्तकाशेजारी बसून
एकटीच शिंकले.

सोमवारी तपासणी होती.
साहेब मागच्या बाकावर, मांडीवर फॉर्म:
स्वरलेखन किती विद्यार्थ्यांना येते?
मी फळ्यावर पाच रेघा काढल्या, सरळ,
सवयीनं.
झेफेरिनोनं हात वर केला:
"बाई, यातली कुठली तासायची?"

साहेबांचं पेन थांबलं.
मी फळ्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं,
आधी मधोमध, मग टोकाशी,
आणि बत्तीस माना एका बाजूला कलल्या.
"झोपलाय," एर्मेलिंदा म्हणाली,
"पण त्या कोपऱ्यात, बाई, तिथे परत वाजवा."