खटका

सोमवारी उद्यमनगर बंद,
म्हणून सोमवारी आम्ही रंकाळ्याच्या कट्ट्यावर.
चौघं, आणि मधे कागदावर पसरलेली भेळ.
बोलतो ते पाळण्यांबद्दल.
पोरांचे नव्हेत हो. लोखंडी,
रुळावरून आभाळात जाऊन उलटे होणारे.

शेजारचे ऐकतात आणि जरा लांब सरकून बसतात.

इलियास शिकलगार लेथवरचा.
त्याला वेगाचं कौतुक नाही, त्याला वेल्डिंग बघायचं असतं.
खोपोलीला पहिल्यांदा गेलो तेव्हा
हा रांग सोडून खांबाखाली उकिडवा :
"पाया बघा, पाया. वर काय, वर सगळीच ओरडत्यात."

अक्काताई लोहार पोस्टातून निवृत्त.
गुडघ्याला पट्टा, पर्समधे आलेपाक,
आणि बसणार तर शेवटच्याच डब्यात.
पुढच्या डब्यात दिसतं, म्हणते ती,
मागच्या डब्यात कळतं.
पुढचे आधीच खाली गेलेले असतात,
तुम्हाला कुणीतरी मानगूट धरून चढावरून ओढून नेतं,
आणि दीड सेकंद, ती बोट वर करते, दीड सेकंद
मांडी आणि सीट यांच्यात
एक पोस्टकार्ड सरकवता येतं.

जिनपाल मगदूम एकदाही बसलेला नाही.
छातीत झडप बदललेली, धातूची.
रात्री सामसूम झाली की बायकोला ऐकू येते, म्हणतो.
तिकिटाच्या खिडकीवर लिहिलेलंच असतं :
हृदयविकार असणाऱ्यांनी.
पण उंच्या त्यालाच पाठ.
कुठल्या देशात कुठला लाकडी पाळणा पाडला,
कुठं आता साखळी नाही, चुंबकानं ढकलतात,
सगळं सांगतो शेंगा फोडत,
मैदानातल्या जुन्या कुस्त्या सांगाव्यात तसं.

चुंबकाचं इलियासला पटत नाही.
"साखळी न्हाई तर टक्‌टक्‌ न्हाई.
टक्‌टक्‌ न्हाई तर भ्या कसलं वाटणार?"
मग तासभर तेच :
तो आवाज भीतीचा की धीराचा.
कारण तो खटका असतो,
साखळी तुटलीच तर गाडी मागं घसरू नये म्हणून
दात्यादात्याला पडत जाणारा.
"मला इचारा," जिनपाल म्हणाला,
आणि सांगितलं मात्र काहीच नाही.

मी ड्रॉइंग काढते, शिरोलीच्या कारखान्यात.
मागच्या पंधरवड्यात एक काम आलं. बत्तीस नग.
गिऱ्हाइकाचं नाव खोडलेलं.
कुणी म्हणालं कन्व्हेयरचं असेल, कुणी साखर कारखान्याचं.
मी भोकांची अंतरं बघितली
आणि उघडलेला डबा तसाच बंद केला.
चाक वरून एक, बाजूनं एक, खालून एक :
रुळाला तिन्हीकडून धरून ठेवायचं
दुसऱ्या कुणाला काय अडलंय?

कट्ट्यावर एक नग आणला, रिजेक्ट झालेला,
एक भोक दोन शतांश मोठं.
ओढणीत बांधून.
आळीपाळीनं सगळ्यांनी मांडीवर घेतला.
कुठं लागणार? दुबईला, अक्काताई म्हणाली.
"हायवेला पंपाच्या मागं खांब उभं ऱ्हायलेत," इलियास म्हणाला, "तिथलंच असंल."
तिथं गोडाऊन होणार आहे, मी म्हटलं.
"गोडाऊनला वाकडं खांब कशाला?"
याला कुणाकडंच उत्तर नव्हतं.

जिनपाल सगळ्यात शेवटी.
भोकात करंगळी घालून फिरवली,
मग तो नग शर्टावरून टाक्यांच्या रेषेवर टेकवला.
"गार हाय," म्हणाला.
नंतर बराच वेळ गप्प.
पायडलची बदकं एकेक करून काठाला लागली,
पोरगं त्यांच्या गळ्यांतून साखळी ओवत होतं.

"चालू झालं की," जिनपाल म्हणाला,
"तुम्ही तिघं बसा. मागच्या डब्यात.
मी खाली उभा ऱ्हातो, चपला राखतो.
फकस्त चढावर ओरडू नका कुणी.
मला खटका ऐकायचा हाय."

अक्काताईनं आलेपाक मोडून चौघांना दिला.
"आणि चुंबकाचा निघाला तर?" इलियास म्हणाला.

जिनपालनं नग परत माझ्या ओढणीत बांधला.
गाठ दोनदा मारली.